वाचनालये मालक राहणार की भाडेकरू?

वाचनालयाचे संगणकीकरण झाले, अशी बातमी अलीकडे कोठल्या ना कोठल्या गावाहून येतच असते. प्रमुख पाहुणे कळ दाबतात, पडद्यावर अक्षरे उमटतात, टाळ्या पडतात आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकात छायाचित्र येते. या समारंभांना नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु कळ दाबल्यानंतर वाचकाच्या हाती नेमके काय आले आणि वाचनालयाच्या हातून काय जाऊ घातले आहे, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो.

तो मांडावयाचा तर रत्नागिरीपासून आरंभ करणे उचित ठरेल. येथील जिल्हा नगर वाचनालयाचे स्थापनावर्ष १८२८ असे सांगितले जाते. पेशवाई बुडून तेव्हा अवघी दहा वर्षे झाली होती. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघावयास अद्याप चार वर्षे अवकाश होता आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश छापून बाहेर पडावयाचा होता. वाचावयास पुरेसे छापील मराठी नव्हते, अशा काळी वाचनाची संस्था निघाली, हीच मुळी नवलाची गोष्ट होय. २०२८ साली तिला दोनशे वर्षे पूर्ण होतील. १८६४ साली स्थापन झालेले चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, १८५२ सालचे सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर या संस्थाही दीड शतकाचा पल्ला ओलांडून पुढे आल्या आहेत. एवढ्या दीर्घायुषी संस्था या किनारपट्टीवर देवालये सोडली तर फारशा आढळणार नाहीत.

या दीर्घायुष्याचे रहस्य काय? वाचनप्रेम हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. वाचनालय म्हणजे, अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर, अनेकांनी मिळून विकत घेतलेली आणि एकेकाने पाळीपाळीने वापरलेली मालमत्ता. एक पुस्तक एकदा विकत घेतले की ते वाचनालयाचे झाले. मग ते शंभर जणांनी वाचले काय किंवा पाचशे जणांनी वाचले काय, प्रकाशकाला पुन्हा छदाम द्यावा लागत नव्हता. पुस्तक फाटले तर शिवता येई, कव्हर घालता येई, दुसऱ्या गावच्या वाचनालयाला भेट देता येई. मुंबईस नोकरीला गेलेल्या चाकरमान्याने गावच्या वाचनालयास एक कपाट ग्रंथांसह द्यावे आणि त्यावर वडिलांचे नाव घालावे, हा प्रघात कोकणात जुना आहे. मनिऑर्डरीवर जगणाऱ्या या जिल्ह्यात भांडवल साठले नाही, कारखानेही उशिरा आले. परंतु ग्रंथ साठले. ते साठू शकले, कारण घेतलेला ग्रंथ परत करावा लागत नव्हता.

राज्याने या संस्थांना आधार दिला तो १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने. या कायद्याने ग्रंथालये सरकारी केली नाहीत. ती नोंदणीकृत संस्थांकडेच ठेवून त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीने अनुदान देण्याची रीत घातली. तामिळनाडू किंवा कर्नाटकाप्रमाणे ग्रंथालयांसाठी स्वतंत्र उपकर मात्र या कायद्यात नाही, त्यामुळे अनुदान हे दरवर्षीच्या अंदाजपत्रकाच्या मर्जीवर राहिले. आज राज्यात अशी अकरा-बारा हजारांच्या घरात ग्रंथालये आहेत. २०१२ नंतर दशकभर अनुदानाचे दर हलले नव्हते. २०२२-२३ च्या सुमारास त्यांत ६० टक्क्यांची वाढ झाली. टक्केवारी भरघोस दिसते. परंतु या वाढीने गावोगावच्या ड वर्ग ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजारांवर गेले, म्हणजे महिना चार हजार रुपये. त्यातील साधारणतः निम्मी रक्कम वेतनाची. ग्रंथपालाला मिळतात महिना दोन हजार! आणखी काही टक्के वाढ झाली, तरी या गणिताचे स्वरूप पालटत नाही. ज्या माणसाच्या खांद्यावर डिजिटल युग वाहून आणण्याची जबाबदारी टाकली जात आहे, त्याचा हा मेहनताना आहे, हे पुढील सर्व विवेचनात ध्यानी ठेवावे लागेल.

संगणक ग्रंथालयात प्रथम शिरला तो सूचीच्या निमित्ताने. दाखल नोंदवही आणि तालिकापत्रे यांची जागा घेण्यासाठी ग्रंथांची माहिती संगणकात भरली जाऊ लागली. यात कोकणातीलच नव्हे, तर अवघ्या महाराष्ट्रातील संस्थांचे जे नुकसान झाले, त्याची कथा कोणी लिहिलेली नाही. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही कित्येक वर्षे मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या टंकांत भरला जात असे. प्रत्येक टंकाची आतली सांकेतिक रचना वेगळी. कंपनीची आज्ञावली जुनी झाली, संगणक बदलला, की वर्षभर राबून भरलेली सूची उघडताच पडद्यावर अगम्य चिन्हांची रास दिसे. हजारो नोंदी अशा निकामी झाल्या आणि पुन्हा पहिल्यापासून भराव्या लागल्या. जगातील सर्व लिप्यांना एकच सांकेतिक रचना देणारी युनिकोड पद्धती १९९१ पासून अस्तित्वात होती, देवनागरीही तीत होती. परंतु ती आपल्या कार्यालयांत रुजावयास बराच काळ जावा लागला. आपल्या अक्षरांची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असली म्हणजे काय होते, याचा हा पहिला धडा होता.

आता मार्ग सुकर झाला आहे. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने तयार केलेली ई-ग्रंथालय ही आज्ञावली ग्रंथालयांना विनामूल्य मिळते. ‘कोहा’ ही दुसरी आज्ञावली न्यूझीलंडमधील एका लहानशा जिल्ह्याच्या वाचनालयाने आपल्या गरजेपोटी करवून घेतली आणि २००० साली साऱ्या जगाला मुक्तपणे वापरू दिली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. पैशाने लहान असलेल्या एका वाचनालयाने जगभरच्या हजारो ग्रंथालयांना उपयोगी पडावे, ही घटना आपल्या तालुक्याच्या वाचनालयांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. सूची संगणकावर आल्याने देवघेव जलद होते, हा तिचा फायदा गौण होय. मोठा फायदा तेव्हा होईल, जेव्हा राजापूरच्या शिक्षकाला हवे असलेले पुस्तक दापोलीच्या कपाटात आहे, हे घरबसल्या कळेल. त्यासाठी जिल्ह्यातील सर्व वाचनालयांची एकच सूची हवी. एकेका संस्थेचा सुटा संगणक म्हणजे महागडी दाखल नोंदवही होय.

वाचनालयाच्या खोलीतही बदल झाला आहे, आणि तो संगणकापेक्षा अधिक बोलका आहे. संध्याकाळी कादंबरी बदलावयास येणारे सभासद विरळ झाले, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत अभ्यासिकेत बसणारे तरुण वाढले. स्पर्धा परीक्षांचे हे विद्यार्थी स्वतःची पुस्तके आणतात, मोबाइलवर व्याख्याने ऐकतात, प्रश्नपत्रिका उतरवून घेतात. वाचनालयाकडून त्यांना हवे असते ते टेबल, पंखा, उजेड, शांतता आणि इंटरनेट. काही जुन्या सभासदांना हे वाचनालयाचे अधःपतन वाटते. ते तसे नाही. दोन खोल्यांच्या घरात जेथे दूरचित्रवाणी चालू आहे आणि आजी आजारी आहे, तेथे अभ्यास होत नाही. अशा घरातील मुलीला वाचनालयाने खुर्ची दिली तर त्याने आपले काम चोख केले, असेच म्हणावे लागेल. मात्र खुर्ची कोणीही देऊ शकतो. खासगी अभ्यासिका प्रत्येक तालुक्याच्या गावी निघाल्या आहेत आणि त्यांत वातानुकूलनही असते. खुर्चीच्या स्पर्धेत वाचनालय टिकणार नाही. तेव्हा दुसऱ्या कोणापाशी नाही असे वाचनालयापाशी काय आहे, या प्रश्नाकडे वळणे भाग आहे.

त्या आधी ई-पुस्तकांविषयी स्पष्ट बोलले पाहिजे, कारण डिजिटल वाचनालय म्हटले की संचालक मंडळांच्या डोळ्यांपुढे तीच येतात. ई-पुस्तक विकत मिळते, हा समज बहुतांशी चुकीचा आहे. वाचनालयाला मिळतो तो परवाना. तो काही मुदतीचा असतो किंवा काही वाचनांपुरता असतो. २०११ साली हार्परकॉलिन्स या बड्या प्रकाशनसंस्थेने अमेरिकेतील वाचनालयांना कळवले की, एक ई-पुस्तक २६ वेळा वाचावयास दिले की परवाना संपेल. पुढे हवे असेल तर पुन्हा पैसे भरावे लागतील. छापील पुस्तक २६ वाचकांनंतर कपाटातून उठून प्रकाशकाकडे चालू लागले असते, तर त्या वाचनालयांनी ते कधी विकत घेतले असते काय? स्वतःजवळच्या छापील प्रतीचे संगणकीय रूप एका वेळी एकाच वाचकाला द्यावे, असा मार्ग इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने काढून पाहिला. प्रकाशकांनी तिला न्यायालयात खेचले. २०२३ साली निकाल तिच्याविरुद्ध गेला आणि २०२४ साली अपिलातही तो कायम राहिला. लेखक-प्रकाशकांचे म्हणणे अगदीच निराधार आहे असे नाही. त्यांनाही पोट आहे. परंतु निकालाचा अर्थ वाचनालयांना पुरता कळला आहे. कागदावर जी मालकी होती, ती पडद्यावर नाही.

रत्नागिरी जिल्ह्याला हा भेद समजावून सांगण्याची आवश्यकता पडू नये. जमीन कसणारा एक आणि तिचा धनी दुसरा, ही व्यवस्था खोतीच्या रूपाने येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदली, आणि १९४९ च्या कायद्याने ती जावी यासाठी दीर्घ लढा द्यावा लागला. पुस्तकांच्या बाबतीत आपण होऊन कूळ होण्यापूर्वी थोडा विचार केलेला बरा.

सरकारही वर्गणी भरते, पण ती कोणासाठी? ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आणि त्यातून सुमारे १३,००० संशोधन-नियतकालिके, असा तिचा विस्तार आहे. तिचा लाभ शासकीय उच्च शिक्षणसंस्था आणि संशोधन संस्था यांना आहे. खेड्यातील माध्यमिक शिक्षक, निवृत्त अभियंता किंवा आपल्या बागेतील हापूसवरील तुडतुड्याविषयी नवे संशोधन वाचू इच्छिणारा बागायतदार यांना त्या दारातून प्रवेश नाही. जिल्ह्याच्या वाचनालयात एक संगणक या योजनेला जोडून दिला, तर खर्चात कितीशी भर पडेल? उलट खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, मराठी विश्वकोशाचे वीस खंड, साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तके हे सारे कोणालाही विनामूल्य खुले आहे. याची माहिती किती सभासदांना असेल? ती देणे हे ग्रंथपालाचेच काम, आणि त्याला एक छदामही परवाना-शुल्क लागत नाही.

आता वाचनालयापाशी असलेल्या, दुसऱ्या कोणापाशी नसलेल्या वस्तूंविषयी. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा रत्नागिरी आणि सावंतवाडी यांच्यावरील खंड १८८० साली निघाला. इंग्रज अमलदारांनी या जिल्ह्याविषयी काय लिहिले, ते आज जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात मोबाइलवर वाचता येते. परंतु त्याच काळात येथील माणसे स्वतःविषयी काय लिहीत होती? एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीहून ‘जगन्मित्र’, ‘सत्यशोधक’ यांसारखी पत्रे निघत. त्यानंतरची स्थानिक साप्ताहिके, शाळांच्या स्मरणिका, नगरपालिकांचे अहवाल, सहकारी संस्थांची वार्षिक पत्रके, नाट्यमंडळांच्या जाहिराती, घराण्याघराण्यांनी वर्गणी काढून छापलेले कुलवृत्तांत, हे वाङ्मय फार थोड्या प्रतींत छापले गेले. त्यातील जे उरले आहे ते जुन्या वाचनालयांच्या मागच्या खोल्यांत, गाठोड्यांत बांधलेले. मुंबईच्या किंवा कोलकात्याच्या मोठ्या ग्रंथालयांत ते मिळेलच, याची शाश्वती नाही. जिल्ह्याचा इतिहास परक्यांच्या लेखणीतून जगाला उपलब्ध असावा आणि स्वतःच्या लेखणीतला मात्र वाळवीला, ही विषमता कोणाच्याही हेतूने घडलेली नाही. केवळ दुर्लक्षाने घडली आहे.

आणि वेळ थोडा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वृत्तपत्रे लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर छापली जाऊ लागली. त्या कागदातील आम्लच त्याला आतून खाते; पान पिवळे पडते, मग तपकिरी, आणि अखेर घडीवर बोट ठेवताच तुटते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या प्रदेशात दमट हवा, बुरशी आणि कसर त्याला साहाय्य करतात. शिवाय नदी आहेच. २००५ च्या जुलैमध्ये आणि पुन्हा २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा तेथील वाचन मंदिरातील हजारो ग्रंथ चिखलात गेले. याच संस्थेने दोन महापुरांच्या दरम्यान, जानेवारी २०१३ मध्ये, अखिल भारतीय साहित्य संमेलन भरवून दाखवले होते. तिच्या कार्यकर्त्यांच्या जिद्दीविषयी शंका नाही. प्रत्येक वेळी त्यांनी ग्रंथालय पुन्हा उभे केले. पण पुन्हा विकत घेता येते ती कादंबरी. १९३० सालची स्मरणिका कोणत्या दुकानात मिळणार?

अशा वस्तूंची छायाप्रत काढून ती नदीच्या आवाक्याबाहेर ठेवणे, हे डिजिटल युगाने वाचनालयाला दिलेले खरे साधन होय. त्याचा आवाका भीतिदायक नाही. समजा, चार पानांचे एक साप्ताहिक पन्नास वर्षे चालले. वर्षाचे ५२ अंक, २०८ पाने. पन्नास वर्षांची १०,४०० पाने. वरून छायाचित्र घेणाऱ्या साध्या यंत्राने एका माणसाने काळजीपूर्वक दिवसाला ३०० पाने केली, तर काम पस्तीस दिवसांत उरकते. एका उन्हाळी सुट्टीचे हे काम आहे, आणि महाविद्यालयांत इतिहास, मराठी व अर्थशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याचे मानधन दिले तर विद्येचाही लाभ होईल. यंत्र प्रत्येक वाचनालयाने घ्यावयाचे कारण नाही. ते तालुक्या-तालुक्यांत फिरू शकते. जुन्या शिळाछापाची आणि मोडीची अक्षरे संगणकाला अद्याप नीट वाचता येत नाहीत, तेव्हा प्रत्येक अंकाचा दिनांक आणि मुख्य विषय माणसानेच नोंदवावे लागतील. हे खरे कष्टाचे काम, आणि तेथे जाणता ग्रंथपाल लागतो.

कायदा आडवा येतो, ही सबब पुढे केली जाते. ती बरीचशी अज्ञानातून येते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्याने अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्यापाशी असलेल्या ग्रंथाची संगणकीय प्रत जतनासाठी करून ठेवण्याची मुभा दिली आहे. सर्वांसाठी खुली करण्याचा प्रश्न निराळा. तेथे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, आणि निनावी लेखनाला प्रसिद्धीनंतर ६० वर्षे, ही मर्यादा पाळावी लागते. म्हणजे निदान विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील निनावी वृत्तपत्री मजकुराला अडसर उरलेला नाही.

संगणकातील प्रत अमर असते, असाही भ्रम नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर संगणकी दरोडा पडला आणि तिची सूची कित्येक आठवडे बंद पडली. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगड भागात विजेचे खांब आडवे केले, तेव्हा अनेक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्या दिवसांत इंटरनेटवरील ग्रंथसंपदेचा उपयोग शून्य होता आणि कपाटातील पुस्तक मात्र दिवसाच्या उजेडात वाचता येत होते. म्हणून प्रत तीन ठिकाणी हवी. एक वाचनालयात, एक जिल्ह्याबाहेर, एक सरकारी व्यवस्थेत. आणि छायाप्रत झाली म्हणून मूळ कागद रद्दीत घालणे हा अपराध समजला जावा.

प्रश्न उरतो खर्चाचा. वर्गणीदार आपल्या वर्गणीतून हे काम करणार नाही, आणि त्याने करावे अशी अपेक्षाही अन्यायाची आहे. त्याला या महिन्याचे नवे पुस्तक हवे असते. ज्या वस्तूचा लाभ सर्वांना होतो आणि ज्यापासून कोणाला वगळता येत नाही, ती वस्तू बाजार पुरवत नाही; ती सार्वजनिक पैशातूनच निर्माण व्हावी लागते. जुन्या अंकांचा वाचक आज रत्नागिरीत थोडा आहे. तो डोंबिवलीत आहे, पुण्यात आहे, न्यू जर्सीतही आहे. आपल्या आजोबांची शाळा, बुडालेली आगबोट, गावचा गिरणी-संपातला माणूस शोधणारा. तो कोणत्याही वाचनालयाचा सभासद नाही. तेव्हा अनुदानाच्या नियमांत जतनासाठी स्वतंत्र शीर्ष हवे, आणि त्याचा हिशेब संगणकांच्या संख्येवर न करता जतन झालेल्या आणि सूचीत चढलेल्या पानांच्या संख्येवर करावा. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून ग्रंथखरेदीस आणि इमारतींस साहाय्य करीत आले आहे. या कामासाठीही त्याच्याकडे जिल्ह्याने एकत्रित मागणी करणे शक्य आहे. एकेकट्या वाचनालयाचा अर्ज टेबलावरून टेबलावर फिरत राहतो. परंतु महिना दोन हजारांत राबणाऱ्या माणसाच्या वेतनाचा प्रश्न न सोडवता यंत्रे पाठवली, तर ती खोक्यांतच राहतील, हेही अंदाजपत्रक करणाऱ्यांनी समजून असावे.

सारे काही इंटरनेटवर ठेवले तर वाचनालयात कोण येईल, असा प्रश्न काही कार्यवाह प्रामाणिकपणे विचारतात. ज्या गाठोड्यांसाठी आज वर्षात एखादा संशोधक येतो, ती उघडी झाल्याने गर्दी घटण्याचा संभव नाही. आपल्या गावाचे नाव जुन्या अंकात सापडलेला माणूस मूळ पान पाहावयास येतो, आणि त्याच्या घरातील जुने कागदही कधीकधी त्याच्याबरोबर येतात.

२०२८ च्या द्विशताब्दीनिमित्त रत्नागिरीत समारंभ होतील, भाषणे होतील आणि रीतीप्रमाणे एक स्मरणिकाही निघेल. संयोजकांनी तिचा मजकूर युनिकोडमध्ये जुळवावा आणि छपाईला जाण्यापूर्वी त्याची एक प्रत चिपळूणला व एक मुंबईला पाठवून द्यावी. दोनशे वर्षांतील ती पहिली स्मरणिका असेल, जी शोधण्यासाठी कोणाला गाठोडे सोडावे लागणार नाही.